बंदुकीच्या दारूचा वानवळा

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या घरफोडीतला मुद्देमाल कुठे सापडला, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. ही एक घटना मात्र काल घडल्यासारखी लख्ख आठवते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. हद्द मोठी विचित्र होती. खाडीच्या अंगाला नव्या शहराच्या इमारती उभ्या राहत होत्या, रस्त्याला लागून कारखाने आणि पलीकडे डोंगराच्या पायथ्याला जुनी गावं, भातशेती. सकाळी सोसायटीतल्या पाण्याच्या भांडणाची तक्रार, दुपारी कारखान्याच्या गेटवर बंदोबस्त, संध्याकाळी गावात बांधावरून मारामारी. तिन्हीकडची भाषा वेगळी, माणसं वेगळी, आणि सगळ्यांशी मी एकाच आवाजात बोलायचो. तो आवाज जरा वरच्या पट्टीतला होता, हे कबूल करतो.

भात पिवळं पडायला लागलं होतं. एका सकाळी सरकारी दवाखान्यातून ठाणे अंमलदाराला फोन आला. पायथ्याच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या हातात ठासणीची बंदूक फुटली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि एक डोळा वाचण्यासारखा नव्हता. पिकाच्या राखणीसाठी त्या गावांमध्ये अशा बंदुकांचे परवाने होते. नळीत समोरून दारू टाकायची, वर चिंधी आणि छर्रे ठासायचे, घोड्याखाली ठिणगी देणारी टोपी बसवायची आणि डुकरं-माकडं आली की बार काढायचा. बंदुका आजोबांच्या वेळच्या, पण सहसा फुटत नसत.

मी पंचनामा करायला गेलो. नळी उभी चिरून केळीच्या सालीसारखी उलगडली होती. गावाचं म्हणणं एकच, बंदूक म्हातारी झाली होती, लोखंड गंजलं होतं. मला ते पटत नव्हतं. घरात एका बाटलीत थोडी दारू उरली होती. गावाकडची काळी दारू मी पाहिलेली होती, ती कोळशाच्या चुऱ्यासारखी दिसते. ही करड्या रंगाची, बारीक चपट्या दाण्यांची होती. मी बाटली सील केली आणि दवाखान्यात जाऊन जखमीला विचारलं, दारू कुठून आणलीस. तोंडाला बँडेज होतं. पट्टीच्या आडून तो बोलला, "बाजारान एक मानूस भेटला, त्याचेकरशी घेतली. त्याला मी वलखत नाय."

खोटं बोलतोय हे मला तिथेच कळलं. कोणासाठी बोलतोय, ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी नव्या वसाहतीतले एक गृहस्थ ठाण्यात आले. खबर देणाऱ्या माणसाचं मी एक पाहून ठेवलं आहे. पहिल्या वाक्यात खबर असते, दुसऱ्यात 'माझं नाव कुठे येऊ देऊ नका' असतं आणि तिसऱ्यात खरं कारण निघतं. हे गृहस्थ म्हणाले, "साहेब, आमच्या वरच्या मजल्यावरचा माणूस घरात बसून काडतुसं भरतो. खाली आम्ही पोराबाळांना घेऊन झोपतो, केवढं टेन्शन असेल सांगा." मग नाव नको म्हणाले. मग जिन्याखाली स्कूटर लावण्यावरून त्या माणसाशी झालेली बाचाबाची सांगितली. स्कूटरशी मला देणंघेणं नव्हतं. काडतुसं म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर ती करडी दारू आली.

दोन पंच आणि आमचे हवालदार घेऊन मी त्या घरी गेलो. दार उघडलं ते साठी उलटलेल्या, बारीक चणीच्या माणसाने. रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही इथे काका म्हणतो. त्यांनी परवाना आधी पुढे केला, मग आम्हाला आत घेतलं. काकूंनी पाणी आणलं. स्वयंपाकघरात बाई भांडी घासत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. खाकी पाहून सगळेच मान खाली घालतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

काका नेमबाजीचे शौकीन. त्या काळात चांगली काडतुसं मिळणं मुश्किल होतं. म्हणून वापरलेल्या काडतुसाचं रिकामं कवच जपून ठेवायचं, त्यात नवी टोपी, मोजून दारू आणि गोळी बसवून ते पुन्हा वापरायचं, हा त्यांचा छंद. परवान्यात बसेल एवढीच दारू घरात होती. ती एका लाकडी पेटीत पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"दारू लाकडाच्या पेटीत ठेवता? तिजोरीत नको का ठेवायला?"

"तिजोरीत ठेवली आणि आग लागली तर तिजोरीचाच बॉम्ब होईल, साहेब," काका शांतपणे म्हणाले. "कोंडली नाही तर ती भसकन जळून जाते. दारू घातक होते ती कोंडल्यावर."

मी आवाज चढवून पुढचा प्रश्न विचारला. ही माझी जुनी खोड.

पेटीत तीनच डबे होते. मी विचारलं, तीनच का. त्यांनी सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. दारू अनेक जातींची असते. काही झटकन जळते, काही दमादमाने. बंदूक कोणती, गोळी किती वजनाची, त्यावरून दारू निवडायची. दुकानात चांगली मिळतेय म्हणून उचलायची नाही. आपल्या तीन बंदुकांना तीन पुरतात, चौथी आणली की घरात चूक आणली. प्रत्येक डब्यावर मूळ चिठ्ठी, कधी आणला, कधी उघडला त्याची तारीख. टेबलावर एका वेळी एकच डबा, बाकीचे पेटीत. एका डब्यातली दारू दुसऱ्यात कधीच ओतायची नाही. आणि ही कुठली, असा नुसता संशय आला तरी ती वापरायची नाही.

"संशय आला की दारू वाचवायची नसते, माणूस वाचवायचा असतो," ते म्हणाले.

हवालदारांनी त्यांच्याच तराजूवर दारू तोलली आणि वहीशी ताडून पाहिली. तिन्ही डबे वहीबरहुकूम भरले. एवढी काटेकोर वही मी आमच्या ठाण्यातसुद्धा पाहिली नव्हती, आणि तिथे वह्या ठेवायला माणसं नेमलेली असतात. मनातून मी थक्क झालो होतो. पण पोलिसाच्या मनाला एक वाईट सवय लागते. सगळं इतकं नीट दिसलं की त्याला वाटतं, हे मुद्दाम नीट ठेवलंय. एका डब्यात करडे चपटे दाणे मी डोळ्यांनी पाहिले होते.

मी त्यांना चौकशीला बोलावलं. लागोपाठ दोन दिवस ते सकाळी दहाला येऊन बाकावर बसत. मी विचारायचो, गावात दारू कोणाला विकली. ते म्हणायचे, कोणालाही नाही. मी टेबलावर हात आपटायचो. ते पुन्हा तेच म्हणायचे, शब्दही बदलायचे नाहीत.

आमचे हवालदार साताऱ्याकडचे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, म्हातारा एकतर लई पोचलेला हाय, नायतर साफ खरा हाय. मधलं काय दिसत नाय."

बाटलीतली दारू मी त्यांना दाखवलीच नाही. आरोपीसमोर पुरावा शेवटी काढायचा, तोवर हातात काय आहे ते कळू द्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. हुकमाचं पान मी दोन दिवस खिशात धरून बसलो. त्या दोन दिवसांत काय काय होऊ शकलं असतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला कंटाळा आला. मी कपाट उघडलं, पंचांसमोर सील फोडलं आणि चिमूटभर दारू त्यांच्यापुढे ठेवली. "ही ओळखता?"

त्यांनी पांढरा कागद मागितला. दाणे त्यावर पसरले, खिशातलं भिंग काढलं. मग कागद नाकाजवळ नेऊन वास घेतला. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. त्यांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला.

"साहेब, ही माझी आहे," ते म्हणाले.

हवालदारांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ही दारू त्यांची आहे असं सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नव्हतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागले असते, आणि तो आल्यावरही वही त्यांच्याच बाजूने बोलली असती. नाही म्हणाले असते तर मी त्यांना संध्याकाळी घरी सोडलं असतं. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी उलट मलाच विचारलं,

"ही अजून कोणाकोणाकडे आहे?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी गुन्हेगार शोधत बसलो होतो.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही बिनधुराची नवी दारू. गावाकडच्या काळ्या दारूपेक्षा हिचा जोर कितीतरी जास्त. गावात दारू तोलत नाहीत, वेळूच्या पेराच्या मापाने टाकतात. त्याच मापाने ही टाकली की नळी फुटणारच, नवी असो की जुनी. "आणि हिला आंबूस वास येतोय. म्हणजे ही माझी खराब झालेली दारू आहे. खाडीची दमट हवा, एक डबा पावसाळ्यात बिघडला. खराब झालेली दारू ठेवायची नसते. मातीत पसरली की ती झाडांना खतासारखी लागते. मी वहीत 'नष्ट' असं लिहिलं आणि हिच्याकडे दिली, कुंड्यांसाठी."

"हिच्याकडे म्हणजे?"

"पत्नीकडे."

आम्ही जीपमधून पंधरा मिनिटांत त्यांच्या घरी पोचलो. मी काकूंना विचारलं. त्या बाल्कनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हो, दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली होती. चांगला डबा होता, टाकवेना. गुलाबांना घातली, उरलेली आमच्या बाईने मागितली भेंडीच्या वाफ्याला, म्हणून दिली डब्यासकट. काय झालं?"

मी म्हणालो, "काकू, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे यांनाच विचारत होतात."

खरं होतं. झडतीच्या दिवशी मी त्यांच्या हातचं पाणी प्यायलो, चहा प्यायलो आणि एक प्रश्नही विचारला नाही. काका भिंतीला टेकून उभे होते. हळूच म्हणाले, "तीन डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. जी फेकायची तिच्यावर लावली नाही." बाकावर दोन दिवस जो माणूस हलला नव्हता, तो तेव्हा हलला.

कामवाली बाई मोरीच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती खाली बसली आणि रडायला लागली. बंदूक फुटलेला माणूस तिचा सख्खा भाऊ. बहिणीचं काम जाईल, तिच्यावर चोरीचा आळ येईल, म्हणून तो दवाखान्यात खोटं बोलला होता. काकूंनी डबा देताना सांगितलं होतं की ही साहेबांची बंदुकीची दारू, बिघडलेली. भावाने ती खतात घातलीच नाही. शहरातल्या साहेबाची दारू, बिघडली तरी आपल्या काळ्या दारूपेक्षा चांगलीच असणार, असं त्याला वाटलं.

"मंगं त्याने शेजाऱ्यांना वानवळा धारला," ती म्हणाली. "चांगली वस्तू एकट्याने नाय खायाची, असा आमचेत हाय. तीन घरान एक-एक माप मीच न्हेऊन दिला. माना काय म्हाईत साहेब, बंदूक त्याचेनी फुटली? सगली बोलत व्हती, नली गंजलेली."

नवीन भाजी, घरचे आंबे, पहिलं दूध शेजारी पाठवतात, तो वानवळा. तिने मरण वाटलं होतं, आणि मोठ्या मायेने वाटलं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. गावातली राखण दिवेलागणीला सुरू होते. बाईला जीपमध्ये घेतलं. काका न विचारता मागे चढून बसले.

पहिल्या दोन घरी दारू बाटलीत तशीच होती. नवी दारू दिवाळीनंतर काढू, म्हणून ठेवलेली. हवालदारांनी ती ताब्यात घेतली. तिसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, मुलगा डोंगराखालच्या काकडीच्या मळ्यात गेलाय, माकडं उतरतात म्हणून. बंदूक भरूनच नेली आहे.

आम्ही बांधापाशी गाडी थांबवली. दोनशे पावलांवर राखणीचा उंच माळा दिसत होता आणि माळ्यावर माणूस. मी उतरून निघणार तोच बाईने माझा हात धरला.

"तुमी जाव नुको साहेब. परवापास्ना गावान बोलतान, पोलीस भरलेल्या बंदुका जप्त करतान. खाकी बघून तो पयला बार कारून टाकील. बंदूक रिकामी दाखवायला."

मी जागेवर उभा राहिलो. हाक मारावी तर तो बार काढणार. गप्प राहावं तर एखादं माकड दिसताच बार काढणार. कपडे बदलून जावं तर माझी ही पोलिसी चाल बांधावरून लपत नाही. इतक्यात काकांनी जीपमधला पाण्याचा तांब्या उचलला, चपला काढल्या आणि काही न बोलता बांधावर पाय ठेवला.

"काका, थांबा. नळी फुटली तर तुम्ही शेजारी असाल."

"म्हणून तर मी जातो," ते म्हणाले. "त्याने चाप ओढायच्या आत मला त्याच्या शेजारी असायचंय."

मी आयुष्यात शूर माणसं पाहिली आहेत. दंगलीत दगड झेलणारे शिपाई पाहिले. पण ते चालणं मी विसरू शकत नाही. पांढरा सदरा, हातात तांब्या, अरुंद बांध. घाई नाही, हातवारे नाहीत. कुणी ओळखीचं म्हातारं माणूस मळ्यावर गप्पा मारायला चाललंय, असं वाटावं. माळ्यावरच्या माणसाने बंदूक उचलली आणि आमच्या बाजूला पाहिलं. आम्ही गाडीच्या आड दबलो होतो. एवढा मोठा फौजदार मी, चिखलात गुडघे टेकून श्वास धरून बसलो होतो.

काका माळ्याखाली पोचले. काहीतरी बोलले. तो हसला, खाली उतरला. दोघं बसले. तेवढ्यात माकडांची टोळी कुंपणापाशी आली. तो झटकन उठला, बंदूक खांद्याला लावली. काकांनी हात पुढे केला आणि घोडा आणि टोपी यांच्या मधे स्वतःचा अंगठा घातला, हे त्या शेतकऱ्याने मला नंतर सांगितलं.

घोडा पडला असता तर अंगठा चिरडला असता, पण बार उडाला नसता. तो पडला नाही. तो माणूस चकित होऊन पाहत राहिला. काका तसेच हात न काढता त्याच्याशी बोलत राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्याने बंदूक खाली केली. काकांनी टोपी काढून दूर ठेवली, नळी उभी धरली आणि तांब्यातलं सगळं पाणी तिच्यात ओतलं. मग आमच्याकडे वळून हात केला.

मी धावत गेलो. काका त्या तरण्या शेतकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि नुसता उभा राहिलो.

महिन्याभराने जखमी भाऊ बरा होऊन आला. दोन्ही जबाब एकाच दिवशी घ्यायचे म्हणून मी काकांनाही बोलावलं होतं. त्याआधीच त्यांनी तिन्ही डबे आणि परवाना ठाण्यात जमा केला होता. निष्काळजीपणाचं कलम लावायचं की नाही, हे बरंचसं जखमीच्या जबाबावर अवलंबून होतं. मी मनातून देवाला विनवत होतो की याने तक्रार नको म्हणावं.

त्याने काकांकडे एका डोळ्याने नीट पाहिलं. म्हणाला, "यांचेवर काय लिवाचा नाय. दारू खताला दिलेली, ती बंदुकीन मी घातली. चूक माजी हाय. तसा लिवा."

काका खुर्चीतून उठले. "साहेब, त्याचं लिहू नका. त्याला काय माहीत? मला माहीत होतं. मी लिहून न ठेवता दिली. चूक माझी आहे, माझं कलम मला लावा."

"नाय, काका, तुमी बसा."

"तू बस आधी."

नोकरीत मी चोऱ्या पकडल्या, खून उघडकीला आणले. प्रत्येक ठिकाणी माणसं दुसऱ्याकडे बोट दाखवत होती, आणि त्या बोटांच्या मागे जायचं, एवढंच काम मला येत होतं. त्या प्रकरणाने मला दाखवलं की माणूस उलटंही करू शकतो, आणि करतो तेव्हा आपल्यासारख्यांकडे त्याच्यासाठी छापील कागद नसतो. समोर दोन माणसं एकाच गुन्ह्यासाठी भांडत होती, ज्याचा डोळा गेला तो आणि ज्याचा छंद गेला तो. हवालदार दाराकडे तोंड करून उभे होते, कारण त्यांना डोळे पुसायचे होते.

मी दोघांचेही जबाब त्यांच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता लिहिले आणि सहीसाठी दोघांपुढे ठेवले. भावाला उजव्या हाताने सही जमेना. तेव्हा काकांनी शाईची पेटी पुढे ओढली आणि त्याचा डावा अंगठा आपल्या हातात धरून कागदावर टेकवला.